सव्वाशे वर्षांपूर्वीची हायब्रिड आणि तिचा कर्ता

यवतमाळात नवी गाडी घ्यायचे ठरले, की घरातली पहिली चर्चा अ‍ॅव्हरेजची होते. गाडीचे रोजचे काम ठरलेले असते. मुलांची शाळा, बँक, बाजार, दवाखाना, संध्याकाळी दत्त चौकापर्यंत एखादी चक्कर, असे सगळे मिळून दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर होतात. महिन्यातून एखादे वेळी नागपूर, म्हणजे एका बाजूने सुमारे दीडशे किलोमीटर. सणावाराला पुसद, वणी नाहीतर उमरखेड. आणि कधीतरी रात्री-अपरात्री घरातला पेशंट सेवाग्रामला किंवा नागपूरला न्यायची वेळ. त्या रात्री गाडी कुठे थांबू नये, एवढीच सगळ्यांची अपेक्षा असते.

रोजच्या कामाला विजेवरची गाडी स्वस्त पडते, हे आता सगळ्यांना पटले आहे. लांबच्या प्रवासाला पेट्रोलचा भरवसा वाटतो. मग शोरूममधला माणूस तिसरा पर्याय पुढे करतो, हायब्रिड. एकाच गाडीत इंजिनही आणि विजेची मोटरही. सोबत प्लग-इन हायब्रिड हा शब्दही कानावर पडतो. किंमत ऐकली, की घरचे लोक विचारात पडतात. जास्तीचे दीड-दोन लाख खरेच वसूल होतील का?

हा पेच नवा वाटतो, पण तो मोटारीइतकाच जुना आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्ना शहरात पंचविशीच्या उंबरठ्यावरच्या एका तरुणापुढे नेमका हाच प्रश्न होता, आणि त्याने काढलेले उत्तर आजच्या हायब्रिड गाड्यांच्या पोटात अजून फिरते आहे. त्याचे नाव फर्डिनांड पोर्शे. आज हे नाव श्रीमंतांच्या वेगवान गाड्यांमुळे ओळखले जाते. पण या माणसाची सुरुवात वेगापासून नव्हे, विजेपासून झाली होती.

टिनकाम करणाऱ्याचा मुलगा

फर्डिनांडचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी माफर्सडॉर्फ या गावी झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन यांचे पत्र्याच्या कामाचे दुकान होते. आपल्याकडे जसा मुलगा शाळा सुटली की बापाच्या हाताखाली दुकानात बसतो, तसेच फर्डिनांडचेही ठरले होते. त्याला मात्र पत्र्यापेक्षा गावातल्या गालिच्यांच्या कारखान्यात जास्त रस होता, कारण त्या कारखान्यात विजेचे दिवे लागले होते.

वीज तेव्हा अप्रूपाची गोष्ट होती. मोठमोठ्या शहरांतही ती मोजक्या ठिकाणी होती. फर्डिनांड कारखान्यात जाऊन यंत्रे बघायचा आणि घरी येऊन तारा जोडत बसायचा. वडिलांना हा नाद पसंत नव्हता. त्यांना धंदा सांभाळणारा मुलगा हवा होता. दिवसा दुकानात काम आणि संध्याकाळी जवळच्या रायशेनबर्ग गावातल्या तंत्रशाळेचे वर्ग, असे त्याचे चालले होते. १८९३ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने आपल्या घरात विजेचे दिवे लावून दाखवले. त्यानंतर वडिलांचा विरोध मावळला आणि मुलाला व्हिएन्नाला जाण्याची परवानगी मिळाली.

व्हिएन्नात बेला एगर यांच्या विजेची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत त्याला काम लागले. कॉलेजात नाव घालण्याची ऐपत आणि पात्रता दोन्ही नव्हती. कामावरून सुटल्यावर तो तंत्रविद्यापीठाच्या वर्गात गुपचूप जाऊन बसे. इंजिनिअरिंगची पदवी त्याने कधीच मिळवली नाही. पुढे नावाआधी लागलेली डॉक्टर ही उपाधी मानद होती. पण हाताला यंत्र कळत होते. चार-पाच वर्षांत तो कंपनीच्या चाचणी विभागाचा प्रमुख झाला. विजेची मोटर थेट चाकाच्या आतच बसवता येईल, ही कल्पना त्याला इथेच सुचली.

घोड्यांचे शहर आणि पेट्रोलचा धूर

त्या काळातली युरोपातली शहरे घोड्यांवर चालत. रस्त्यांवर लीद, लिदीवर माश्या आणि माश्यांमागे रोगराई, हा शहरवासीयांच्या आरोग्याचा मोठा प्रश्न होता. मोटार आली तेव्हा तिचे स्वागत स्वच्छ वाहन म्हणून झाले, हे आज ऐकायला गमतीचे वाटते. पण पेट्रोलच्या गाड्यांनीही लवकरच आपला रंग दाखवला. त्या धूर सोडत, प्रचंड आवाज करत आणि सुरू करायला पुढे जाऊन हँडल मारावे लागे. हँडल उलटे फिरले, तर मनगट मोडे.

लुडविग लोनर हे व्हिएन्नातले नामांकित बग्गी बनवणारे. राजघराण्याच्या बग्ग्या त्यांच्याकडे तयार होत. घोड्यांचे दिवस संपत आले आहेत, हे त्यांनी ओळखले. मात्र पेट्रोलच्या गाड्या वाढल्या तर शहराची हवा बिघडेल, असे त्यांना वाटत होते. म्हणून त्यांनी विजेची गाडी बनवायचे ठरवले. त्यात वेगळेपण काहीच नव्हते. १९०० च्या सुमारास अमेरिकेत वाफेच्या आणि विजेच्या मोटारी मिळून पेट्रोलच्या मोटारींपेक्षा जास्त होत्या. कोणते वाहन टिकेल, हे तेव्हा कोणालाच ठामपणे सांगता येत नव्हते. लोनर यांनी तरुण पोर्शे यांना आपल्याकडे घेतले आणि १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात लोनर-पोर्शे ही विजेची मोटार मांडली.

गाडी पाहून जाणकार चकित झाले. पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यातच मोटर बसवलेली होती. मध्ये साखळी नाही, पट्टा नाही, गिअरबॉक्स नाही. इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोचताना दंतचक्रांच्या घर्षणात जी वाया जाते, ती इथे वाचत होती. गाडी आवाज करत नव्हती आणि धूर सोडत नव्हती.

बॅटरीचे ओझे

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. गाडीतल्या शिशाच्या बॅटरीचे वजन ४०० किलोंहून अधिक होते आणि एवढे ओझे वाहूनही ती एका चार्जिंगमध्ये साधारण ५० किलोमीटरच जाई. म्हणजे यवतमाळहून निघालेली गाडी धामणगाव गाठता गाठता धापा टाकू लागली असती आणि परतीचा प्रश्न उरला असता.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. शिशाच्या एक किलो बॅटरीत एका युनिटचा तिसावा हिस्साही मुश्किलीने मावतो. इंजिन आपल्या पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते, तरीही अंतर फार मोठे राहते. आजची लिथियमची बॅटरी शिशाच्या कितीतरी पुढे आहे, पण पेट्रोलच्या तुलनेत तीही जडच.

बॅटरी वाढवली तर प्रश्न सुटेल असे वाटते, पण तसे होत नाही. इंग्लंडमधल्या एका ग्राहकाने चारही चाकांत मोटर असलेली खास गाडी बनवून घेतली. तिच्यातली बॅटरीच सुमारे १,८०० किलोंची होती. गाडी आपलेच ओझे वाहत फिरत होती. बैलगाडीत कडब्यापेक्षा बैलांचाच चारा जास्त भरावा, तसा हा प्रकार.

पोर्शे यांनी यातून वेगळी वाट काढली. वीज साठवण्याऐवजी वाटेतच तयार केली तर? १९०० मध्येच त्यांनी गाडीत दोन छोटी पेट्रोल इंजिने बसवली. ही इंजिने चाकांना जोडलेली नव्हती. ती फक्त जनित्र फिरवत, जनित्र वीज तयार करी आणि त्या विजेवर चाकांमधल्या मोटरी चालत. शिल्लक वीज बॅटरीत जमा होई. इंजिने बंद ठेवून नुसत्या बॅटरीवरही गाडी चाले. इंजिन सुरू करायला हँडल मारावे लागत नसे, कारण जनित्रच उलट वापरून इंजिनाला पहिला झटका देत असे. या गाडीला त्यांनी सेम्पर व्हिव्हस असे लॅटिन नाव दिले. अर्थ, सदैव जिवंत. ती सुमारे २०० किलोमीटर जाऊ शके.

त्याच सुमारास बेल्जियममध्ये आंरी पीपर हेही पेट्रोल आणि विजेची सांगड घालत होते. त्यामुळे पहिला मान कोणाचा यावर वाद घालता येतो. पण प्रत्यक्ष चालणारी पहिली हायब्रिड मोटार म्हणून सेम्पर व्हिव्हसचे नाव बहुतेक ठिकाणी घेतले जाते.

गाडी चांगली, पण परवडेना

सेम्पर व्हिव्हस ही प्रयोगाची गाडी होती. विकण्यासाठी १९०१ मध्ये मिक्स्ट नावाची सुधारित गाडी आली. तिच्यात पुढे एकच मोठे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि बॅटरी बरीच लहान केली होती. १९०२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या एक्झेलबर्गच्या चढणीच्या शर्यतीत पोर्शे यांनी ही गाडी स्वतः हाकून आपल्या गटात विजय मिळवला. त्याच वर्षी लष्करी कवायतींच्या वेळी राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड यांना त्यांनी याच गाडीतून फिरवले. पुढे १९१४ मध्ये ज्यांच्या हत्येचे निमित्त होऊन पहिले महायुद्ध पेटले, तेच हे राजपुत्र.

कौतुक झाले, पण ग्राहक आले नाहीत. एकाच गाडीत इंजिन, जनित्र, मोटरी आणि बॅटरी असे सगळे भरायचे म्हणजे खर्च आलाच. मिक्स्टची किंमत साध्या पेट्रोल मोटारीच्या दुपटीपर्यंत जाई. चाकात बसवलेल्या मोटरींमुळे पुढची चाके जड झाली होती. टायर लवकर झिजत. रस्त्यावरची धूळ मोटरीत शिरे. दुरुस्तीला पेट्रोल आणि वीज दोन्ही समजणारा माणूस लागे आणि असे लोक मोजकेच होते. लोनर यांचा पैसा पाण्यासारखा गेला. साध्या विजेच्या गाड्यांना त्यातल्या त्यात गिऱ्हाईक होते, व्हिएन्नाच्या अग्निशामक दलानेही चाकात मोटर असलेली वाहने वापरली. मिक्स्ट मात्र अगदीच थोड्या खपल्या. १९०६ मध्ये पोर्शे लोनर यांची कंपनी सोडून ऑस्ट्रो-डाइम्लर या कंपनीत गेले.

पेट्रोलच्या गाड्या तोवर सुधारत होत्या. १९०८ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्ड यांची स्वस्त मॉडेल टी आली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत बटणावर सुरू होणारे इंजिन आले आणि हँडलचा त्रास संपला. पेट्रोल स्वस्त होते. धुराची काळजी फारशी कोणी करत नव्हते. विजेच्या गाड्या हळूहळू रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्याबरोबर हायब्रिडही विस्मरणात गेली.

कल्पना मात्र मेली नाही. पहिल्या महायुद्धात पोर्शे यांनी अवजड तोफा ओढण्यासाठी पेट्रोल-विजेची गाडी बनवली. पुढच्या वाहनात इंजिन आणि जनित्र, मागच्या प्रत्येक डब्याच्या चाकांत मोटर. रेल्वेचे डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनही याच तत्त्वावर चालते. विद्युतीकरणापूर्वी धामणगाव, बडनेरा स्टेशनांतून गाड्या ओढणारी डिझेल इंजिने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी हे तत्त्व नकळत पाहिलेले आहे. त्या इंजिनांतले डिझेल थेट चाक फिरवत नसे. ते वीज तयार करी आणि चाके विजेवर फिरत. १९७१ मध्ये चंद्रावर चाललेल्या अमेरिकी गाडीच्या चारही चाकांत स्वतंत्र मोटर होती.

कौशल्य आणि त्याची किंमत

पुढची दोन दशके पोर्शे यांची कीर्ती वाढतच गेली. ऑस्ट्रो-डाइम्लरमध्ये ते सर्वोच्च पदापर्यंत पोचले. १९२३ मध्ये ते जर्मनीतल्या श्टुटगार्टला डाइम्लर कंपनीत गेले आणि मर्सिडीजच्या गाजलेल्या शर्यतीच्या गाड्या त्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या. मालकांशी मात्र त्यांचे फार काळ जमत नसे. स्वभाव तापट, आणि चांगल्या यंत्रापुढे खर्चाचा विचार दुय्यम. १९३१ मध्ये त्यांनी श्टुटगार्टमध्ये स्वतःची अभियांत्रिकी संस्था काढली.

सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी गाडी बनवावी, हे त्यांच्या मनात बरीच वर्षे होते. ती संधी त्यांना दिली हिटलरच्या राजवटीने. १९३४ मध्ये जनतेच्या गाडीचे, म्हणजे फोक्सवॅगनचे काम त्यांच्याकडे आले. नंतर बीटल नावाने जगभर पसरलेली ती गोल पाठीची गाडी हीच. तिच्यातल्या काही कल्पना चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा गाड्यांशी मिळत्याजुळत्या होत्या आणि त्यावरून युद्धानंतर फोक्सवॅगनला टाट्राला भरपाई द्यावी लागली.

गाडी सामान्य माणसाची म्हणून गाजवली गेली. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरून कुपनाचे तिकीट चिकटवायचे, वही भरली की गाडी मिळणार, अशी योजना होती. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. कारखान्यात युद्धाची वाहने बनू लागली.

पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले. फोक्सवॅगनच्या कारखान्याचे ते एक प्रमुख होते आणि युद्धकाळात तिथे राबणाऱ्यांत बहुसंख्य लोक सक्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी होते. पोर्शे यांना राजकारणात रस नव्हता, त्यांना फक्त यंत्रे दिसत, असे त्यांच्या बाजूने सांगितले जाते. पण आपल्या यंत्रामागे कोण कसे राबते आहे, हे न पाहणे हीदेखील एक निवडच होती.

युद्धात त्यांनी पुन्हा आपली जुनी कल्पना बाहेर काढली. टायगर रणगाड्याच्या त्यांच्या आराखड्यात पेट्रोल इंजिने जनित्र फिरवत आणि मोटरी पट्ट्यांना. चाळीस वर्षांपूर्वीच्या मिक्स्टचेच दुखणे इथे परत आले. यंत्रणा जड होती, गुंतागुंतीची होती, तिला तांबे फार लागे आणि इंजिने तापत. स्पर्धक कंपनीच्या साध्या आराखड्याची निवड झाली.

युद्ध संपल्यावर १९४५ च्या अखेरीस फ्रान्सने पोर्शे यांना अटक केली. सुमारे वीस महिने ते तुरुंगात होते. त्यांची प्रकृती तिथेच ढासळली. १९४७ मध्ये ते सुटले आणि पुढे फ्रेंच न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. दरम्यान मुलगा फेरी याने ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात पोर्शे नावाची पहिली स्पोर्ट्स गाडी तयार केली. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये पोर्शे यांनी वुल्फ्सबर्गच्या कारखान्याला भेट दिली, तेव्हा तिथून बीटल गाड्या रांगेने बाहेर पडत होत्या. त्यानंतर लवकरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले.

हायब्रिड परत आली

१९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाने प्रिअस बाजारात आणली आणि हायब्रिड पहिल्यांदाच मोठ्या संख्येने विकली जाऊ लागली. मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या होत्या. बॅटरी हलकी झाली होती आणि इंजिन, मोटर, बॅटरी यांच्यात क्षणोक्षणी ताळमेळ ठेवणारा संगणक आला होता. मिक्स्टच्या चालकाला जे हाताने करावे लागे, ते आता चालकाच्या नकळत होते. २०११ मध्ये पोर्शे कंपनीने सेम्पर व्हिव्हसची चालती प्रतिकृती बनवून जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ठेवली.

आपल्याकडच्या शोरूममध्ये हायब्रिड या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली माइल्ड हायब्रिड. तिच्यात छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. नुसत्या विजेवर ती गाडी चालत नाही. अ‍ॅव्हरेजमध्ये थोडा फायदा होतो, एवढेच.

दुसरी स्ट्राँग हायब्रिड. हिची बॅटरी लहानच असते आणि ती बाहेरून चार्ज करायची नसते. इंजिन आणि ब्रेक तिला भरतात. ब्रेक लावला की मोटर उलट जनित्रासारखी चालते आणि जी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत वाया गेली असती, ती बॅटरीत जाते. मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, होंडाची सिटी यांच्या हायब्रिड आवृत्त्या या प्रकारच्या. होंडा सिटीची रचना तर पोर्शे यांच्या कल्पनेच्या फार जवळ आहे. गावातल्या वेगात तिचे इंजिन बहुतेक वेळ वीज तयार करते आणि चाके मोटर फिरवते. महामार्गावर मात्र इंजिन थेट चाकांना जोडले जाते, कारण एकसारख्या वेगात पेट्रोलची आधी वीज करायची आणि मग चाक फिरवायचे, हा द्राविडी प्राणायाम महाग पडतो.

तिसरी प्लग-इन हायब्रिड. हिची बॅटरी मोठी असते, घरच्या प्लगवर चार्ज होते आणि साधारण ४० ते ८० किलोमीटर नुसत्या विजेवर नेते. पुढे इंजिन सुरू होते. रोज पंधरा-वीस किलोमीटर आणि महिन्याला नागपूर, अशा वापराला ही कागदावर अगदी चपखल बसते. पण आपल्याकडे या प्रकारच्या गाड्या मोजक्या आणि महागड्या आहेत. शिवाय तिचा फायदा रोज चार्ज करणाऱ्यालाच मिळतो. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंद झालेल्या गाड्यांच्या आतल्या यंत्रांतून प्रत्यक्ष वापराची माहिती गोळा केली, तेव्हा प्लग-इन गाड्यांचे कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघाले. लोक प्लग लावायला कंटाळत होते आणि जड बॅटरी पेट्रोलवर वाहून नेत होते. इंग्लंडमधल्या त्या १,८०० किलोंच्या बॅटरीचीच ही दुसरी तऱ्हा.

घरचा हिशेब

पोर्शे यांची मिक्स्ट यंत्र म्हणून फसली नव्हती. ती गिऱ्हाइकाच्या हिशेबात बसली नाही. आज गाडी घेताना तोच हिशेब घरी बसून वहीत मांडता येतो.

समजा, साधी पेट्रोल गाडी आणि स्ट्राँग हायब्रिड यांच्या किमतीत दोन लाखांचा फरक आहे. महिन्याला १,००० किलोमीटर, बहुतेक गावातले. साधी गाडी लिटरला १६ आणि हायब्रिड २३ किलोमीटर देते असे धरले, तर वर्षाला सुमारे २२८ लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १०५ रुपये धरले तर २४,००० रुपये. दोन लाख वसूल व्हायला आठ वर्षांहून जास्त लागतात. तेवढेच अंतर बहुतेक महामार्गावर असेल, तर दोन गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजमधला फरक कमी होतो, कारण तिथे ब्रेक कमी लागतात आणि वाचवायला ऊर्जाच कमी असते. लिटरला १८ आणि २२ असा फरक धरला, तर वसुलीला पंधरा वर्षे उलटून जातील. उलट गावातच महिन्याला २,००० किलोमीटर होत असतील, तर चार वर्षांच्या आसपास पैसे निघतात. किंमत, पेट्रोलचा भाव आणि कर बदलत राहतात, म्हणून आकडे त्या दिवशीचे घ्यावेत. पण अ‍ॅव्हरेज जाहिरातीतले न धरता तीच गाडी आपल्या भागात वापरणाऱ्याला विचारून धरावे.

पैशांशिवाय आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. सिग्नलवर आणि शाळेच्या फाटकापाशी स्ट्राँग हायब्रिडचे इंजिन बहुतेक वेळ बंद राहते. तिथे उभ्या मुलांच्या श्वासात जाणारा धूर तेवढा कमी होतो. टायर आणि रस्त्याची धूळ मात्र कोणत्याच गाडीला चुकत नाही. गाडी विजेवर हळू चालताना आवाज करत नाही, म्हणून गल्लीत मागे घेताना लहान मुलांकडे जास्त लक्ष ठेवावे लागते.

उन्हाळ्यात यवतमाळचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णता ही बॅटरीची वैरीण आहे. गाडी शक्यतो सावलीत लावावी. काही हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. ती जाळी सामानाने झाकली जाऊ नये आणि तिची धूळ सर्व्हिसिंगमध्ये साफ व्हावी. अनेक कंपन्या हायब्रिडच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. ती कागदावर वाचून घ्यावी. नारिंगी रंगाच्या तारांना जोराचा विद्युतदाब असतो, त्यांना कोपऱ्यावरच्या फिटरने हात लावू नये. म्हणून हे काम शिकलेला मेकॅनिक यवतमाळात आहे, की प्रत्येक वेळी गाडी नागपूरला न्यावी लागेल, हे विकत घेण्याआधी विचारावे. मिक्स्टच्या ग्राहकांना हाच प्रश्न नंतर पडला होता.

ज्या घरात गाडी रोज गावात भरपूर फिरते, लांबचे प्रवासही आहेत आणि चार्जरची खात्री नाही, तिथे स्ट्राँग हायब्रिड शोभते. जिथे घरी प्लग आहे, दुसरी गाडी आहे आणि रोजचे अंतर ठरलेले आहे, तिथे निव्वळ विजेची गाडी स्वस्त पडते. आणि ज्या घरची गाडी आठवड्यातून दोनदाच बाहेर निघते, त्या घराने साधी पेट्रोल गाडी घेऊन उरलेले दोन लाख बँकेत ठेवले, तरी त्यात काही कमीपणा नाही.